न मागणारा जीव

तामागोचीला, म्हणजे खिशात मावणाऱ्या खेळण्यातल्या आभासी प्राण्याला, भूक लागली की ती पीं-पीं करते. सशाची भूक मेली की तो काहीच करत नाही. कोपऱ्यात जरा जास्त वेळ बसून राहतो, एवढंच. दिसायला कालच्याइतकाच गोंडस असतो. पण बारा तासांत त्याने गवताला तोंड लावलं नसेल आणि लेंड्याही टाकल्या नसतील, तर त्याच्या आतड्याची हालचाल मंदावलेली असते. पोटात वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. हे चक्र वेळेवर तोडलं नाही तर एक-दोन दिवसांत ससा जातो. घरातली माणसं मग म्हणतात, 'अचानक गेला हो, काल तर चांगला होता.' अचानक काही झालेलं नसतं. त्याने सांगितलं नव्हतं, इतकंच.

आभासी प्राणी की खरा प्राणी, या वादात दोन्ही बाजू सहसा एकाच मुद्द्याभोवती फिरतात: त्यात जीव आहे की नाही. प्राणिप्रेमी म्हणतात, पडद्यावरच्या मांजरीवर कसली माया, तो माणुसकीचा ऱ्हास. दुसरे म्हणतात, माया माणसाच्या मनात असते, समोर काय आहे याला महत्त्व नाही. दुसऱ्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. लळा यंत्राचाही लागतो आणि तो लळा खोटा नसतो. पण सगळा वाद त्यावर घालवला की मोठा फरक नजरेतून सुटतो. आभासी प्राणी मागतो, खरा प्राणी मागत नाही. पहिल्याला उत्तर द्यायचं असतं, दुसऱ्याकडे बघायचं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं येतं म्हणून दुसरं येईल असं समजणं प्राण्याच्या जिवावर बेततं.

तामागोची नेमकी कशी चालायची ते पाहिलं की हे उलगडतं. बंदाई या खेळणी कंपनीने ती जपानमध्ये २३ नोव्हेंबर १९९६ रोजी बाजारात आणली. अंड्याच्या आकाराचं प्लास्टिक, छोटा कृष्णधवल पडदा, तीन बटणं. घड्याळ लावलं की पाच मिनिटांत अंडं फुटायचं. भुकेची चार बदामं, आनंदाची चार बदामं, आणि शिस्तीची एक पट्टी. जेवण दिलं की भुकेचं बदाम भरायचं. खाऊ दिला की आनंदाचं भरायचं, पण वजनही वाढायचं. शी तशीच राहू दिली तर आजारपण. आजारी पडली तर इंजेक्शन, कधी एकाने भागायचं नाही म्हणून दोन. झोपली की दिवा मालवायचा. तिने हाक मारल्यावर सुमारे पंधरा मिनिटांत कोणी लक्ष दिलं नाही तर एक चूक जमा व्हायची आणि अशा चुका मोजूनच मोठेपणी ती कोणत्या रूपात येणार ते ठरायचं. मूळ खेळण्यात 'थांबा' असं बटणच नव्हतं. त्यामुळे मुलं ती शाळेत न्यायला लागली, १९९७ मध्ये शाळांनी बंदी घातली, आणि मग कामावर जाणारे आईबाप खिशात मुलांची तामागोची घेऊन फिरू लागले. जपानी आवृत्तीत ती मेली की थडगं आणि भूत दिसायचं. परदेशी आवृत्तीत मात्र ती आपल्या ग्रहावर परत गेली असं दाखवायचे.

या खेळण्याची टिंगल खूप झाली, पण त्यात दोन गोष्टी प्रामाणिक होत्या. गरजा तुमच्या सवडीने थांबत नाहीत, आणि हेळसांड झाली तर मरण येतं. खाऊने वजन वाढतं हे तर बऱ्याच कुत्रेवाल्यांनाही या खेळण्याकडून शिकता येईल. दहा किलोच्या कुत्र्याला निव्वळ विश्रांतीसाठी दिवसाला सुमारे ३९० किलोकॅलरी लागतात (वजनाचा पाऊण घात घेऊन त्याला ७० ने गुणायचं). नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याच्या १.६ पट, म्हणजे ६३० च्या आसपास. यातला खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. म्हणजे दिवसाला ६३ किलोकॅलरी. घरातल्या चार माणसांनी एकमेकांना न सांगता एकेक बिस्किट दिलं की हा कोटा सकाळीच संपलेला असतो.

आजच्या फोनमधल्या प्राण्यांनी हा प्रामाणिकपणाही टाकून दिला. त्यातले बहुतेक मरतच नाहीत. प्राणी मेला तर माणूस ॲप काढून टाकतो, म्हणून तो फार तर रुसतो, मलूल होतो, सोडून जाण्याची धमकी देतो. 'तुझं पिल्लू तुझी वाट बघतंय' असा निरोप येतो तो पिल्लाच्या भुकेमुळे नव्हे. तुम्ही इतके तास ॲप उघडलं नाही, हा त्याचा हिशेब असतो. त्या प्राण्याची भूक तुमच्या दिवसाला जुळवून मापलेली असते: कंटाळा येणार नाही इतकी थोडी, आणि विसर पडणार नाही इतकी वरचेवर. लहान मुलाच्या अपराधी भावनेवर धंदा करायचा हा प्रकार आहे आणि त्याविरुद्ध नियम हवेत. तेरा वर्षांखालच्या मुलांच्या खेळात प्राण्याच्या दुःखाचं दृश्य आणि पैसे भरायचं बटण एकाच पडद्यावर नसावं, एवढी साधी अटही पुष्कळ काम करील.

आता खऱ्या प्राण्याकडे या. आजार लपवणं ही त्याची खोड नव्हे, ती त्याच्या पूर्वजांची कमाई आहे. कळपात लंगडणारा शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. म्हणून ससे, गिनीपिग, पक्षी हे शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग वठवतात. पक्षी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तर तो आज आजारी पडला असं समजू नये. आज त्याची सोंग वठवायची ताकद संपली. यावर उपाय एकच: ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खाणं देण्याआधी वजन. बजरीगर हा छोटा पाळीव पोपट ३० ते ४० ग्रॅमचा असतो. त्याचं वजन तीन-चार ग्रॅम उतरणं म्हणजे दहावा हिस्सा गेला. डोळ्यांना ते पिसांखाली दिसत नाही.

मांजर स्वतः शिकारी, पण तेही लपवण्यात तरबेज. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या वाळूच्या पेटीत) जाऊन कुंथतोय हे पाहून घरचे बद्धकोष्ठ समजतात आणि एरंडेल शोधायला लागतात. पण त्याची मूत्रनळी अडकलेली असू शकते. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. म्हणून वाळूत ओला गोळा किती मोठा पडला, हे रोज बघायचं असतं. लिटर बॉक्स साफ करणं हे निव्वळ सफाईचं काम नाही, ती तपासणी आहे. तसंच, जाड मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि मग ते बरं करायला कित्येक आठवडे नळीने भरवावं लागतं. 'नाराज आहे, भूक लागली की खाईल' हे वाक्य मांजराच्या बाबतीत घातक आहे.

आणि काहीच दिसत नसेल तेव्हा काय बघायचं? कुत्रा किंवा मांजर गाढ झोपलेलं असताना त्याच्या छातीची वर-खाली हालचाल अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करायची. आकडा पुन्हा पुन्हा ३० च्या वर जात असेल तर हृदय किंवा फुप्फुस तपासून घ्यायला हवं. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. यातलं काहीही प्राणी आपणहून दाखवत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं.

सगळ्यांत मोठी फसगत मात्र माशांच्या बाबतीत होते, कारण 'मुलांसाठी सोपा प्राणी' म्हणून मासा आणला जातो. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, उरलेलं अन्न कुजून त्यात भर पडते. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विष, तिसरं बरंच सौम्य, पाणी बदललं की जाणारं. पण हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले, तर त्या आठवड्यांत मासे स्वतःच्याच विषात पोहत असतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. मग एखादा मासा वर येऊन तोंड उघड-मीट करतो, दुसऱ्या दिवशी पाणी जरा गढुळतं, आणि माणूस मायेपोटी सगळ्यात वाईट गोष्ट करतो: सगळं पाणी फेकून टाकी घासतो, स्पंज नळाखाली धुतो. नळाच्या क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही मरतात आणि चक्र पुन्हा शून्यापासून सुरू. खरं तर स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, एका वेळी पाव हिस्सा पाणीच बदलायचं, ते आधी क्लोरीनमुक्त करायचं, आणि चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय नवा मासा टाकायचा नाही. काचेच्या गोल भांड्यात यातलं काहीच साधत नाही. तिथे ना फिल्टर बसतो ना पुरेसं पाणी.

इथे आभासी प्राण्याला एक चांगलं काम आहे, जे त्याला सहसा कोणी देत नाही. पडद्यावरची टाकी असावी, तिच्यात हे रसायन खऱ्या वेगाने चालावं, सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, आणि मासे मरेपर्यंत पाणी स्वच्छ दिसत राहावं. मुलाने आभासी चाचणी करून आकडे पाहिले तरच त्याला कळावं. अशा टाकीत मासे मेले तर कुणाचं काही गेलं नाही, आणि मूल जे शिकलं ते खऱ्या टाकीला उपयोगी पडलं.

प्राणिप्रेमी म्हणवणाऱ्या समाजाची अडचण अशी, की त्याच्या प्रेमातलं बरंचसं प्रेम चेहऱ्यावरचं असतं. मोठे डोळे, चपटं नाक, गोल डोकं दिसलं की माणसाला बाळ आठवतं. पग आणि फ्रेंच बुलडॉगचं नाक याच आवडीपायी पिढ्यान् पिढ्या आखूड केलं गेलं. टाळूचं मांस मात्र तेवढंच राहिलं, ते श्वासाच्या वाटेत लोंबतं, आणि त्या घोरण्याला लोक 'गोड' म्हणतात. स्लो लोरिस या माकडांच्या दूरच्या भाऊबंदाला गुदगुल्या केल्यावर तो हात वर करतो, अशी चित्रफीत कोट्यवधींनी कौतुकाने पाहिली. हात वर करणं ही त्याची बचावाची पद्धत आहे. कोपराच्या आतल्या ग्रंथीचा स्राव लाळेत मिसळून तो विषारी चावा घेतो. म्हणूनच विकणारे आधी त्याचे दात तोडतात. २००७ मध्ये स्लो लोरिसचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराने (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या जागतिक कराराने) बंद केला. २०१६ मध्ये आफ्रिकन ग्रे पोपटावर आणि २०१९ मध्ये छोट्या नखांच्या पाणमांजरावर तीच पाळी आली, आणि दोन्हींच्या मुळाशी पाळण्याची हौस होती. हे प्राणी तिरस्काराने मारले जात नव्हते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला गोंडस चेहरा हवा आहे, आपण जवळ गेल्यावर उड्या मारणारं काहीतरी हवं आहे आणि नको तेव्हा बंद करता यायला हवं आहे, त्याने आभासी प्राणी घ्यावा आणि त्याला कोणी हसू नये. ही उणीव काढणं नव्हे. पाणमांजराच्या पिल्लाला आईपासून तोडण्यापेक्षा ते पडद्यावर खेळवणारा माणूस प्राण्यांचा मोठा मित्र आहे.

शाळेचा वर्ग ही अशीच एक जागा. वर्गात हॅमस्टर ठेवतात, पण तो निशाचर. मुलं दिवसा त्याला उठवतात, तो दचकून चावतो, आणि मग 'चावरा' म्हणून त्याला घरोघरी पाठवतात. सुट्टीत गारठलेल्या खोलीत तो निपचित पडला तर मेला समजून पुरला जाण्याचीही भीती, कारण थंडीत हॅमस्टर सुप्तावस्थेत जातो. अशा वर्गाला आभासी प्राणी चालेल. त्याहून चांगलं म्हणजे खिडकीबाहेर येणारे पक्षी आणि नोंदवही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या शुश्रूषागृहांसाठी ताकानोरी शिबाता यांनी पारो हा सीलचा यंत्रप्राणी बनवला. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे मांडीवर घ्यायला तान्ह्या बाळाइतकं. कुत्रा-मांजर न घेता सील निवडण्यामागे चतुर विचार होता: सीलसोबत राहिलेला माणूस विरळा, त्यामुळे 'खरं मांजर असं करत नाही' अशी तुलना होत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. वृद्धांना फसवलं जातंय, असा आक्षेप यावर येतो. तो मला अर्धाच पटतो. पारो मांडीवर असताना शेजारी माणूस बसलेला असेल तर ते बोलण्याचं निमित्त होतं. पारो दिला म्हणून माणसाची फेरी कमी केली, तर ती फसवणूकच.

यंत्रप्राण्यालाही अनाथ होता येतं, हे आयबोने दाखवलं. सोनीचा हा कुत्रा १९९९ मध्ये आला तेव्हा जपानसाठीचे ३,००० नग वीस मिनिटांत संपले. २००६ मध्ये उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. सांधे झिजलेले, बॅटऱ्या दमलेले कुत्रे लोकांनी जपून ठेवले. जुन्या अभियंत्यांनी 'मेलेल्या' आयबोंचे भाग काढून जिवंतांना बसवायला सुरुवात केली, आणि २०१५ पासून चिबा प्रांतातल्या एका देवळात, भाग काढण्यापूर्वी, आयबोंसाठी रीतसर प्रार्थना होऊ लागल्या. ज्यांना हे हास्यास्पद वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्या मालकांनी आपलं काम चोख केलं होतं; पाठ फिरवली ती निर्मात्याने. २०१८ चा नवा आयबो तर कंपनीच्या सर्व्हरवर आणि वर्गणीवर बराचसा विसंबून आहे. लळा लावणारी वस्तू विकणाऱ्याने खोक्यावर ठळक छापावं: सुटे भाग किती वर्षं मिळतील, सर्व्हर कोणत्या तारखेपर्यंत चालेल, आणि तो बंद झाल्यावर हा प्राणी किती काम करील.

पण खरा प्राणी घेण्याआधीची तालीम म्हणून आभासी प्राणी द्यावा, ही सध्याची लाडकी सूचना मला मान्य नाही. 'महिनाभर हे सांभाळ, मग कुत्रा आणू' असं मुलाला सांगितलं जातं. मूल हाकेला ओ द्यायला शिकतं आणि खरा कुत्रा हाक मारत नाही. शिवाय नवं अंडं फुकट मिळतं, हाही धडा त्यातच असतो. पिल्लाचा तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ, ज्यात ते माणसं, आवाज, इतर कुत्री यांना सरावतं, एकदाच येतो. तो कोंडून घालवला तर पुढची बारा वर्षं भित्र्या कुत्र्यासोबत काढावी लागतात. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने कुत्रा-मांजर पहिल्यांदा घेणाऱ्याला गरजा समजल्याच्या प्रमाणपत्रावर सही आणि मग सात दिवस थांबणं सक्तीचं केलं. दिशा योग्य आहे, पण नुसत्या सहीने प्राण्याकडे बघण्याची सवय लागत नाही.

तालीम करायचीच तर प्राण्याशिवाय आणि फोनशिवाय, चौदा दिवस करावी. पाण्याचं भांडं भरून ठेवायचं, आत पातळीची खूण. घरातल्या एकाने रोज गुपचूप एक बदल करायचा: पाणी दोन बोटं कमी करायचं, भांडं वीतभर सरकवायचं, सोफ्याखाली शर्टाचं बटण टाकायचं (पिल्लू गिळेल अशी वस्तू म्हणून). उरलेल्यांनी संध्याकाळपर्यंत तो न सांगता ओळखून लिहायचा. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास चालायचं, पाऊस असो वा ताप. पिल्लू घ्यायचं असेल तर रात्रीही उठायचं: पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, साधारण इतके तास ते लघवी धरू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. रात्री उघडा असणारा पशुवैद्यकीय दवाखाना शोधून एकदा रात्रीच तिथवर जाऊन यायचं आणि वेळ मोजायची. आणि आपण दहा दिवस बाहेरगावी गेलो तर प्राणी कोण ठेवील, त्या माणसाकडून स्पष्ट होकार घ्यायचा. 'बघू की' हा होकार नव्हे. ही शेवटची पायरीच सर्वाधिक घरं अडवते, आणि अडवली तर बरंच झालं.

चौदापैकी चार-पाच दिवस बदल ओळखता आला नाही, तर अजून प्राणी आणू नये. ओळखता आला तर पिल्लाऐवजी आधी शेल्टरमधलं प्रौढ जनावर बघावं. त्याचा आकार आणि स्वभाव ठरून गेलेला असतो, तिथल्या माणसांना त्याच्या खोडी माहीत असतात. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस रोज चार गोष्टी लिहाव्यात: झोपेतले श्वास, प्यायलेलं पाणी मिलिलीटरमध्ये, खाल्लेलं अन्न ग्रॅममध्ये, शीचा घट्टपणा; आणि आठवड्यातून एकदा वजन. तब्येत चांगली असतानाचे हे आकडे हाताशी असले की पुढे कधी पाणी अचानक दीडपट झालं, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका डॉक्टरांपुढे नेमकी मांडता येते. वही पाण्याच्या भांड्याशेजारी दोरीला पेन बांधून टांगावी. कपाटात गेलेली वही चौथ्या दिवसापासून कोरी राहते.